त्रिलोक गुर्टू

त्रिलोक गुर्टू (जन्म : ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई) हे भारतीय ड्रमवादक, तबलावादक, संगीतकार आणि जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख आहेत. ठुमरीगायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री होत. १९७० च्या दशकात युरोपात गेलेल्या गुर्टूंनी तबला आणि पाश्चात्त्य ड्रमसंच ही दोन वाद्ये एकत्र आणून एक स्वतंत्र वादनपद्धती घडवली. ड्रमसंचापुढे स्टुलावर न बसता, जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून वाजवणारा वादक ही त्यांची जगभरातील ओळख आहे. डॉन चेरी, जॉन मॅक्लॉक्लिन, जो झाविनुल, यान गार्बारेक यांच्यासारख्या अग्रगण्य जॅझ कलावंतांबरोबर त्यांनी वादन केले असून, १९८८ पासून स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या आहेत. हांबुर्ग (जर्मनी) येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य राहिले आहे.

घराणे आणि बालपण

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना त्रिलोक यांच्यापेक्षा त्यांच्या आईचे नाव अधिक परिचित आहे. शोभा गुर्टू (१९२५–२००४) या मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी व गायिका होत्या आणि त्यांना अल्लादिया खाँ यांची तालीम लाभली होती. भानुमतींचे आरंभीचे शिक्षण अल्लादिया खाँ यांचे धाकटे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे कोल्हापुरात झाले. पुढे ठुमरी-दादऱ्याची तालीम त्यांना घम्मन खाँ यांच्याकडून मिळाली. बेळगावातच विश्वनाथ गुर्टू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे नारायणनाथ गुर्टू हे पोलीस खात्यात अधिकारी होते, तसेच विद्याव्यासंगी व सतारवादक होते. गुर्टू हे आडनाव काश्मिरी आहे. त्यामुळे त्रिलोक यांच्या घरात काश्मिरी कुळ, बेळगाव-कोल्हापूरकडील गानपरंपरा आणि मुंबईचे वास्तव्य असे तीन प्रवाह एकत्र आले. शोभा गुर्टू यांना १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

अशा घरात तबला कानावर पडणे अपरिहार्यच होते. आईच्या प्रोत्साहनाने त्रिलोक लहानपणीच तबल्याकडे वळले आणि शाह अब्दुल करीम यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. त्यांचे शालेय शिक्षण मुंबईतील डॉन बॉस्को शाळेत झाले. ठुमरी-दादऱ्याच्या साथीत तबलजीला शब्दांचा भाव सांभाळावा लागतो. ‘बोलबनाव’ चालू असताना ठेका मवाळ ठेवायचा आणि शेवटी लग्गी सुरू झाली की हात मोकळा सोडायचा, अशी ही शिस्त आहे. पुढे गुर्टूंच्या वादनात दिसणारी, दीर्घकाळ संयम राखून एकाएकी उसळण्याची सवय या शिस्तीशी जुळणारी आहे.

मुंबईत जॅझ नवीन नव्हता. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे ताफे येत होते. त्यानंतर मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने तेथे सुमारे दोन दशके वादन केले. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सोबतीने हा बाज हिंदी चित्रपटगीतांत आणला. ‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ चा, म्हणजे गुर्टूंच्या जन्मवर्षाचाच. परंतु गुर्टूंच्या पिढीपर्यंत पाश्चात्त्य संगीत मुख्यतः तबकड्यांवरून पोहोचत होते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यावरील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात (१९९५) गुर्टूंनी या काळाची एक आठवण सांगितली आहे. ध्वनिमुद्रण करताना एकाच वादकाचे अनेक थर एकावर एक चढवले जातात, हे त्यांना ठाऊक नव्हते. तबकडीवर जे ऐकू येते ते सर्व एकच माणूस एका वेळी वाजवतो, अशा समजुतीने त्यांनी ते सगळे एकट्याने वाजवण्याचा सराव केला. गैरसमजातून झालेली ही तालीम त्यांच्या पुढील वादनाला उपयोगी पडली असावी, असे त्यांचे एकल वादन ऐकताना वाटते.

युरोपातील सुरुवात

१९७० च्या दशकात गुर्टू ड्रमसंच वाजवू लागले आणि युरोपात स्थिरावले. या दशकात त्यांनी अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, डॅनिश सॅक्सोफोनवादक जॉन चिकाई, नॉर्वेजियन गिटारवादक तेर्ये रिप्दाल आणि ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्याबरोबर वादन केले. त्यांच्या सर्वांत आरंभीच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांपैकी एक म्हणजे म्युनिकच्या ‘एम्ब्रियो’ या जर्मन गटाची ‘अपो-कॅलिप्सो’ (१९७७) ही ध्वनिमुद्रिका. तीत शोभा गुर्टू यांचाही सहभाग होता. याच एम्ब्रियो गटाने पुढे १९७८–७९ मध्ये बसने खुष्कीच्या मार्गाने भारतापर्यंत प्रवास केला.

डॉन चेरी यांचा प्रभाव विशेष महत्त्वाचा ठरला. ऑर्नेट कोलमन यांच्या क्रांतिकारक चौकडीतून पुढे आलेले हे अमेरिकी वादक १९७० च्या सुमारास दक्षिण स्वीडनमधील तोगार्प या खेड्यात, शाळेच्या एका जुन्या इमारतीत राहू लागले होते. आफ्रिका, तुर्कस्तान, भारत, ब्राझील येथील वादकांना ते आपल्या संगीतात सामावून घेत. स्कँडिनेव्हियातील जॅझ त्या काळी अमेरिकी नमुन्याची नक्कल सोडून स्वतःच्या लोकसंगीताकडे वळत होता. त्यामुळे आपल्या परंपरेसह आलेल्या परदेशी वादकाला तेथे जागा होती. मुंबईहून आलेल्या तबलावादकाला न्यूयॉर्कऐवजी उत्तर युरोपात सूर सापडला, याचे कारण या वातावरणात आहे.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’ या ध्वनिमुद्रिकेत गुर्टू, झाकीर हुसेन आणि यान गार्बारेक एकत्र आले. याच दशकात स्विस ड्रमवादक चार्ली अँतोलिनी यांच्याबरोबरही त्यांनी वादन केले.

ओरेगॉन

‘ओरेगॉन’ हा १९७० मध्ये स्थापन झालेला अमेरिकी चौघांचा गट. राल्फ टाउनर (गिटार व पियानो), पॉल मॅककँडलेस (ओबो आणि इतर सुषिर वाद्ये), ग्लेन मूर (डबल बास) आणि कॉलिन वॉलकॉट (सतार, तबला, तालवाद्ये) हे त्याचे सदस्य होते. वॉलकॉट हे रविशंकर आणि अल्लारखा यांचे शिष्य. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी दौऱ्यावर असताना पूर्व जर्मनीतील माग्देबुर्गजवळ झालेल्या रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांची जागा गुर्टूंनी घेतली. अमेरिकी माणसाने भारतीय गुरूंकडून शिकून निर्माण केलेल्या स्थानावर एका भारतीयाने बसणे, हा योग काहीसा विचित्र म्हणावा लागेल. शिवाय गुर्टूंनी वॉलकॉट यांची सतार पुढे चालवली नाही. गटात प्रथमच ड्रमसंचाचा भरीव आवाज आला आणि त्याचा तोल बदलला. ‘इकोटोपिया’ (१९८७), ‘फॉर्टीफिफ्थ पॅरलल’ (१९८९) आणि ‘ऑलवेज, नेव्हर अँड फॉरएव्हर’ (१९९१) या तीन ध्वनिमुद्रिकांनंतर त्यांनी हा गट सोडला.

जॉन मॅक्लॉक्लिन त्रयी

ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांनी १९७० च्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि घटमवादक टी. एच. विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा गट चालवला होता. त्यामुळे भारतीय तालाशी त्यांची ओळख जुनी होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गिटार, बास आणि तालवाद्ये अशी त्रयी उभारली. तीत तालवाद्यांची बाजू गुर्टूंकडे होती. बासवर वेगवेगळ्या काळी स्वीडनचे योनास हेलबोर्ग, काय एकहार्ट आणि दोमिनिक दी पियाझ्झा हे वादक होते.

या त्रयीचा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील २७ नोव्हेंबर १९८९ चा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. गुर्टूंचे वादन प्रथमच ऐकणाऱ्याने येथूनच आरंभ करावा. त्रयीत पियानो नसल्याने स्वरांची पार्श्वभूमी विरळ आहे आणि तालवादकाच्या प्रत्येक आघाताला जागा मिळते. ‘मदर टंग्ज’ या प्रदीर्घ रचनेत गुर्टूंचे एकल वादन आहे. त्यात ते तोंडाने बोल म्हणतात आणि हाताने वाजवतात. भारतीय श्रोत्याला पढंत परिचित असते. लंडनच्या श्रोत्यांसाठी मात्र मानवी आवाज हेच एक तालवाद्य ठरावे, ही गोष्ट अपूर्व होती. त्यांचा प्रतिसाद ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. ‘के आलेग्रिया’ (१९९२) ही या त्रयीची स्टुडिओत मुद्रित केलेली ध्वनिमुद्रिका होय.

वादनसंच आणि वादनपद्धती

नेहमीच्या जॅझ ड्रमवादकाची चारही अंगे एकाच वेळी कामात असतात. उजवा पाय पेडलने मोठा बास ड्रम वाजवतो, डावा पाय हाय-हॅट या झांजांच्या जोडीची उघडझाप करतो, उजवा हात मोठ्या झांजेवर सतत चाल ठेवतो आणि डावा हात स्नेअर ड्रमवर मधले आघात देतो. पाय मोकळे राहावेत म्हणून वादक स्टुलावर बसतो. तबलावादकाची बैठक याच्या उलट असते. मांडी घातलेली, पाय निष्क्रिय आणि सारा व्यवहार बोटांचा व तळहाताचा. तबल्यात एकाच पुडीवर चाट, मैदान आणि शाई यांवरील आघातांनी निरनिराळे वर्ण निघतात. बायाँवर मनगटाचा दाब देऊन स्वर वर-खाली सरकवता येतो. ड्रमसंचात वर्णभेद वेगवेगळ्या ढोलांतून आणि झांजांतून येतो, म्हणजे त्यासाठी हाताला जागा बदलावी लागते.

दोन्ही वाद्ये वाजवणारे कलावंत बहुधा एक ठेवून दुसरे घेतात. गुर्टूंनी तसे केले नाही. तबला जमिनीवर ठेवून वाजवायचा, तर उरलेला संचही जमिनीच्या पातळीवर आणावा, असा सरळ मार्ग त्यांनी पत्करला. ते एक गुडघा टेकून अर्धवट बसतात. स्नेअर, लहान ढोल आणि झांजा त्यांच्या भोवती खाली मांडलेल्या असतात, आणि तबला-डग्गा हाताच्या टप्प्यात असतो. नेहमीचा गोल बास ड्रम या मांडणीत मावत नाही. त्याऐवजी त्यांनी पायाने वाजवण्याचे एक वाद्य स्वतः रचून घेतले. ते ढोलासारखे दिसत नाही, परंतु त्याचा आघात ठसठशीत आहे. या बैठकीमुळे काठीचा घाव आणि बोटांचा बोल एकाच वाक्यात येऊ शकतात. एखादी तिहाई स्नेअरवर सुरू होऊन तबल्यावर संपते.

त्यांच्या संचातील सर्वांत चर्चिली गेलेली वस्तू म्हणजे पाण्याची बादली. वाजती झांज किंवा शिंपल्यांच्या माळा ते पाण्यात बुडवतात. धातूचा नाद पाण्यात शिरताना वाकतो आणि लहरतो. प्रेक्षकांना ही गंमत वाटते. पण बायाँवर तळहात सरकवून जो वाकता स्वर मिळतो, त्याचीच ही दुसरी तऱ्हा आहे. स्थिर स्वराच्या पाश्चात्त्य वाद्याला मींड देण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

तालाच्या अंगाने पाहता जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांत वाटते त्याहून अधिक साम्य आहे. जॅझमधील पुष्कळशा गीतरचना बत्तीस मात्राखंडांच्या असतात. प्रत्येक खंडात चार ठोके धरले तर एकूण १२८ ठोके होतात, म्हणजे तीनतालाची बरोबर आठ आवर्तने. वादक या चक्रावर पुन्हापुन्हा फिरत नवनिर्मिती करतो. ड्रमवादक आणि इतर वादक चार-चार खंडांची देवाणघेवाण करतात, तिला आपल्याकडील सवाल-जवाबाचे भावंड म्हणता येते. फरक समेचा आहे. तीनतालात समेवर येणे हा सोहळा असतो. जॅझमध्ये चक्राचा आरंभ मुद्दाम झाकून टाकणे हे कौशल्य मानले जाते, आणि जोर बहुधा दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर असतो. गुर्टू या दोन्ही सवयी ठेवतात. लांबलचक तिहाई घेऊन ते समेवर येतात खरे, पण येताना झांजेवरची चाल मोडत नाहीत. त्यामुळे तबला जाणणाऱ्याला सम सापडते आणि जॅझ ऐकणाऱ्याचा झोका तुटत नाही.

वाद्यवृंदप्रमुख

गुर्टूंची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ‘उस्फ्रेत’ १९८८ मध्ये जर्मनीतील सीएमपी या कंपनीने प्रसिद्ध केली. तीत डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर, योनास हेलबोर्ग आणि फ्रेंच पियानोवादक दानिएल ग्वायोन हे वादक आहेत. परंतु तिचे वेगळेपण शोभा गुर्टू यांच्या आवाजात आहे. ‘शोभारॉक’ या शीर्षकातच तो हेतू स्पष्ट होतो. पूर्व-पश्चिम मिश्रणाच्या त्या काळातील बहुतेक प्रयोगांत भारतीय गायन हे वरून घातलेल्या सुगंधासारखे येई. येथे ठुमरीचा लगाव मूळ धरला आहे आणि वाद्यवृंद त्याभोवती रचला आहे. सत्तरच्या उंबरठ्याकडे निघालेल्या गायिकेने मुलाच्या या धाडसात पुनःपुन्हा सहभागी व्हावे, ही गोष्ट तिच्याही स्वभावाविषयी बरेच सांगते.

‘लिव्हिंग मॅजिक’ (१९९१) मध्ये यान गार्बारेक आणि ब्राझीलचे तालवादक नाना वास्कोन्सेलोस आहेत. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) मध्ये जो झाविनुल व पॅट मेथेनी यांच्यासारखे मोठे कलावंत आले आणि शोभा गुर्टूही होत्या. गुर्टूंनी आपल्या फिरत्या वाद्यवृंदालाही हेच नाव दिले. ‘बिलीव्ह’ (१९९४) पासून पुढील काही वर्षे हा वाद्यवृंद त्यांच्या कामाचा कणा राहिला. तालवादक प्रमुख असलेल्या गटात रचना कोण करणार, हा प्रश्न नेहमी उद्‌भवतो. गुर्टूंच्या बाबतीत आरंभी ग्वायोन यांच्यासारख्या स्वरवादकांचा आधार महत्त्वाचा होता. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत मात्र बोलांच्या आकृतीवरून चाल बांधण्याची त्यांची स्वतःची रीत ठळक झाली.

‘कथक’ (१९९८) मध्ये स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या गायिका नेने चेरी, म्हणजे डॉन चेरी यांच्या सावत्र कन्या, आणि शोभा गुर्टू एकाच ध्वनिमुद्रिकेत ऐकू येतात. त्यानंतर गुर्टू आफ्रिकेकडे वळले. ‘आफ्रिकन फँटसी’ (२०००) आणि ‘द बीट ऑफ लव्ह’ (२००१) मध्ये आंजेलिक किद्जो यांच्यासह पश्चिम आफ्रिकेतील गायक आणि शंकर महादेवन आहेत. या दोन ध्वनिमुद्रिका लोकप्रिय बाजाकडे झुकलेल्या आहेत. त्यांत गुर्टूंचे ड्रमवादन मागे सरते. ‘रिमेम्ब्रन्स’ (२००२) मध्ये झाकीर हुसेन, सारंगीवादक सुलतान खाँ आणि बासरीवादक रोणू मजुमदार यांच्यासह ते पुन्हा भारतीय संगीताकडे आले. ‘ब्रोकन रिदम्स’ (२००४) मध्ये तुवा प्रदेशातील कंठगायकांचा ‘हून-हूर-तू’ हा गट आणि आयरिश गिटारवादक गॅरी मूर यांचा सहभाग आहे.

या काळात ते झाकीर हुसेन आणि बिल लासवेल यांच्या ‘तबला बीट सायन्स’ या उपक्रमातही होते. इटालियन चौघांच्या ‘आर्के’ या तंतुवाद्य गटासह ‘आर्किओलॉजी’ (२००६), तर ब्रिटिश ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि हांबुर्गच्या नभोवाणी केंद्राच्या बिग बँडसह ‘ट्वेंटी-वन स्पाइसेस’ (२०११) ही कामे झाली. बिग बँडमध्ये ड्रमवादक हा साऱ्या ताफ्याचा सारथी असतो. तेथे गुर्टूंच्या शेजारी दुसरा, पूर्णतः पाश्चात्त्य घडणीचा ड्रमवादक ठेवण्यात आला. त्यामुळे दोन पद्धतींची तुलना श्रोत्याला आपोआप करता येते.

‘स्पेलबाउंड’ (२०१३) ही ध्वनिमुद्रिका ट्रंपेटवादकांना उद्देशून आहे. डॉन चेरी यांच्या स्मृतीचा धागा तीतून जातो. पाओलो फ्रेझू, इब्राहिम मालूफ, निल्स पेटर मोल्वेर असे निरनिराळ्या देशांतील ट्रंपेटवादक तीत आहेत, आणि डिझी गिलेस्पी व माइल्स डेव्हिस यांच्या रचना गुर्टूंनी आपल्या पद्धतीने मांडल्या आहेत. ‘गॉड इज अ ड्रमर’ २०१९ मध्ये आली.

ड्रमवादक की तालवादक?

अमेरिकेतील ‘डाउनबीट’ या जॅझविषयक मासिकाच्या समीक्षक-मतदानात १९९४ ते २००२ या काळात गुर्टू अनेकदा अग्रस्थानी आले. हा सन्मान मात्र त्यांना ‘ड्रम’ या विभागात नव्हे, तर ‘तालवाद्ये’ या विभागात मिळाला. जॅझच्या व्यवहारात हे दोन वर्ग वेगळे आहेत. ड्रमवादक गटाचा पाया असतो, आणि तालवादक म्हणजे कोंगा, खुळखुळे, घंटा वाजवून रंग भरणारा. गुर्टू पायाही घालतात आणि रंगही भरतात. तरीही भारतीय वादक म्हटला की दुसऱ्या खान्यात टाकण्याची प्रवृत्ती या वर्गवारीत काही प्रमाणात दिसते. ओरेगॉन आणि मॅक्लॉक्लिन त्रयीत त्यांच्याखेरीज कोणीही ड्रमवादक नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारतात अडचण उलट दिशेने आली. त्यांच्या कामाला ‘फ्यूजन’ म्हणून तबल्याच्या मुख्य परंपरेबाहेर ठेवले जाते. परिणामी बेळगाव-कोल्हापूरच्या गानपरंपरेवर लिहिताना शोभा गुर्टूंपर्यंतची वंशरेषा सविस्तर येते आणि पुढच्या पिढीचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपतो. शोभा गुर्टू यांचे २७ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या गायनाची मुलाबरोबर झालेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या पारंपरिक ठुमऱ्यांइतकीच अभ्यासण्याजोगी आहेत.

उत्तरकाल

साठी ओलांडल्यावर गुर्टू यान गार्बारेक यांच्या गटात तालवादक म्हणून दाखल झाले. गार्बारेक, पियानोवादक रायनर ब्रूनिंगहाउस आणि बासवादक युरी डॅनियल यांच्यासह या गटाने युरोपभर दौरे केले आहेत. कार्यक्रमात गुर्टूंच्या एकल वादनाला स्वतंत्र वेळ दिली जाते. एरवी ते सॅक्सोफोनची साथ करतात. स्वतःच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रमही त्यांनी सोबतीने चालू ठेवले.